बादचा डबा

माझ्याकडे चारशे बारा कॅसेटी आहेत आणि त्यातल्या एकीतही कोणी खोकत नाही. पूर्वी मी हे अभिमानाने सांगायचो.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानदारांचे तराजू, सोनारांचे नाजूक काटे, दवाखान्यात माणसं उभी करतात ते मोठे काटे. खिडकीपाशी टेबल, टेबलावर पितळी वजनं आणि चष्म्यावर आणखी एक भिंग. जे वजन केसभरही कमी भरलं ते बाद. त्यावर लाल खूण करायची आणि बाजूला ठेवायचं. यात दयामाया नसते. आयुष्यभर हेच केल्यामुळे असेल, पण मी गाण्यांनाही तोच कायदा लावला.

रेडिओवरची गाणी मी टेप करायचो. लोकांनी टू-इन-वन घेतले, त्यात आतल्या आत रेकॉर्ड व्हायचं, बाहेर कितीही गोंधळ चालला तरी फरक पडायचा नाही. मी घेतला नाही. मला आमच्या जुन्या मोठ्या रेडिओचा भरदार आवाज हवा होता. म्हणून रेडिओसमोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर रुमालात गुंडाळलेला माइक, आणि घरात सगळे चिडीचूप. पंखा बंद, कुकर बंद. मुलगी रांगत होती तेव्हा तिला तासभर शेजारी नेऊन ठेवायचो. ती मोठी झाल्यावर तिच्या मैत्रिणी मला श्शूकाका म्हणायला लागल्या, आधी माघारी आणि मग तोंडावरही.

आणि माझं लग्न झालं होतं भोंग्याशी. हे नाव मी दिलेलं नाही, गल्लीने दिलेलं आहे. ही दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबराप्रमाणे आत बोलवायची. हिने "नंबर सात!" म्हटलं की कोपऱ्यावर चहा पीत बसलेला नंबर सात कप खाली ठेवून धावत यायचा. घरी आली की चपला काढता काढताच सुरू व्हायची. कोणाची दाढ किती वेळ निघाली नाही, कोण खुर्चीत बसायच्या आधीच रडलं, कोण कवळी घरी विसरून आलं. तिची घरी यायची वेळ आणि माझ्या गाण्यांची वेळ नेमकी एकच, साडेसहा ते साडेसात.

त्यामुळे कधी ना कधी व्हायचंच. गाणं ऐन रंगात आलेलं, मी श्वाससुद्धा बेताने घेतोय, आणि दारातून, "अहो, आज काय झालं माहितीये का..." झालं, कॅसेटीची वाट लागली! मी बटण दाबायचो, दुसरी कॅसेट हाताशी नसल्यामुळे पुढची गाणी त्याच कॅसेटीवर घ्यायचो, आणि मग दोन दोन दिवस तोंड फुगवून बसायचो. ज्या कॅसेटी पास होत त्यांच्या कडेवरची प्लॅस्टिकची छोटी चिपटी मी मोडून टाकायचो. ती मोडली की त्या कॅसेटीवर पुन्हा रेकॉर्ड होत नाही, कोणाचा हात चुकला तरी गाणं पुसलं जात नाही. जिच्यात ही बोलली तिच्यावर मात्र लाल पेनाने फुली, वहीत नोंद, आणि रवानगी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तो बादचा डबा. त्या कॅसेटींच्या चिपट्या मी शाबूत ठेवल्या होत्या. पुढेमागे त्यांच्यावर दुसरं काही भरता आलं असतं.

हळूहळू ही शिकली. दारात चपला काढायची, पावलं न वाजवता स्वयंपाकघरात जायची आणि साडेसात वाजेपर्यंत ओट्याला टेकून उभी राहायची. डब्यातल्या कॅसेटी अकरावर थांबल्या. मी तिला म्हणालो होतो, "बघ, ठरवलं की जमतं की नाही!"

पुढे रेडिओवरची ती गाणी बंद झाली, रेडिओही गेला, आणि टेपरेकॉर्डर माळ्यावर चढला. वीसेक वर्षं तो तिथेच होता.

मागच्या वर्षी हिचा आवाज बसला. आम्ही सगळ्यांनी थट्टा केली. भोंगा बिघडला, आता गल्लीला घड्याळ विकत घ्यावं लागणार, असं मीच चार जणांना सांगितलं. गुळण्या झाल्या, वाफ झाली, गोळ्या झाल्या. आठ महिने आम्ही हसण्यावारी नेले. मग एका मंगळवारी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, पुढच्या गुरुवारी.

आमची मुलगी, ठकी, बरोबर होती. तिने विचारलं, "म्हणजे आईला बोलताच येणार नाही?"

"येईल की. गळ्याला लावायचं एक यंत्र असतं. शिकवू आपण."

"तिच्या आवाजात?"

डॉक्टर चांगले होते, त्यांनी खोटं सांगितलं नाही. "आवाज यंत्राचा असतो," ते म्हणाले.

घरी येताना कोपऱ्यावर थांबून ही तिच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दूध संपलंय, घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावली आणि माळ्यावर चढलो. आठ दिवस होते. तिचा जेवढा आवाज उरला होता तेवढा मला साठवून ठेवायचा होता. आयुष्यात मला नीट येणारी दुसरी कुठली गोष्ट होती?

टेपरेकॉर्डर उघडला तर आतला पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. तो मी चिमट्याने कणाकणाने काढला. सोनारकाट्यासाठी आणलेल्या रबरी कड्यांमधली एक बरोबर बसली. हेडवर तपकिरी थर होता, तो स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पुसला. मग कपाटातली पहिली कॅसेट घातली, सैल पडलेली टेप पेन्सिलीने गुंडाळून घेतली आणि बटण दाबलं. आधी खरखर, मग तो जुन्या रेडिओचा आवाज खोलीभर पसरला, आणि मी एकटाच मोठ्याने हसलो.

मला लपवायचं नाही, म्हणून सांगतो. ते आठ दिवस मी सुखात होतो. आतल्या खोलीत बायको गळ्यावर हात ठेवून पडलेली, आणि मी बाहेर कॅसेटी पुसतोय, क्रमाने लावतोय, जुन्या कव्हरांवरचं माझंच बारीक अक्षर वाचून खूश होतोय. ही कॅसेट कुठल्या साली भरली, त्या दिवशी वीज कशी ऐन वेळी आली, सगळं आठवत होतं. तिशी-चाळिशीतला मी परत आलो होतो. लाज वाटायची, पण लाज वाटत असतानाही हात थांबत नव्हते. ठकी एकदा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही बाबा. तुम्ही शीळ घालत होतात."

अडचण एकच होती. कोऱ्या कॅसेटी नव्हत्या. मोबाइलच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काका, फोनमध्ये रेकॉर्ड करा ना, कशाला त्रास?" मी म्हणालो, फोन हरवतात. तो हसला. मग भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे पोतंभर कॅसेटी होत्या, कोणाकोणाच्या घरातून निघालेल्या. मी जमिनीवर बसून दोन तास निवडल्या आणि तीस घेऊन आलो. तीसच्या तीस बुरशी धरलेल्या निघाल्या, टेपवर पांढरी पूड. दोन वाजवून पाहिल्या तर हेडच खराब व्हायची वेळ आली.

तेव्हा मला बादचा डबा आठवला. माळ्यावर कोपऱ्यात होता. झाकण घट्ट बसलेलं, त्यामुळे आत ना बुरशी ना धूळ. अकरा कॅसेटी, नव्याकोऱ्या असल्यासारख्या, चिपट्या शाबूत. मी तिथूनच ओरडलो, "सापडल्या गं, अकरा आहेत!" आतून ही काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही.

मी त्या ऐकून पाहिल्या नाहीत. ऐकायचं काय होतं? बाद ते बाद. उलट मी त्या आधी नीट पुसल्या. माझी जुनी पद्धत आहे. माइकच्या भोकात माइक न जोडलेली नुसतीच पिन खुपसायची, म्हणजे आवाज आत जात नाही, रेकॉर्डचं बटण दाबायचं आणि दोन्ही बाजू पूर्ण फिरू द्यायच्या. टेप अगदी कोरी होते, मागचं अवाक्षर राहत नाही. दिवसाला दोन कॅसेटी मी अशा पुसायचो. समोर बसून त्या फिरणाऱ्या चकत्या बघायला फार बरं वाटायचं.

मग स्टूल, उशी, रुमालातला माइक, आणि या वेळी रेडिओच्या जागी ही.

"बोल," मी म्हणालो.

"काय बोलू?"

"काहीही. रोज बोलतेस तसं."

ती माइककडे बघत बसली. एवढी बोलणारी बाई, पण तो माइक समोर आला की तिचे हात आपोआप मांडीवर जुळायचे आणि ओठ मिटायचे. शेवटी मी पेपर आणून दिला. तिने पेपर वाचला. हवामान, बदल्या, एका पुलाचं उद्घाटन. तिच्या घोगऱ्या आवाजात, सावकाश, शाळेत वाचतात तसं. खोकला आला की मी पॉजचं बटण दाबायचो, खोकला संपला की सोडायचो. एकदा वाचता वाचता तिला कशाचं तरी हसू आलं, तेव्हाही माझं बोट पॉजवर गेलं. सवय!

"घरात कामं पडलीत," ती म्हणायची. "किती वेळ?"

"तुझ्यासाठीच करतोय ना!"

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मी काय करू माझा आवाज ऐकून?"

दहा कॅसेटी भरल्या. गुरुवारी सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. गाडी खाली येऊन थांबली, ठकी पिशव्या घेऊन जिन्यात. अकरावी कॅसेट राहिली होती. ती पुसायला वेळ नव्हता, मी तशीच घातली.

"दोनच मिनिटं," मी म्हणालो. "दवाखान्यात हाका मारायचीस तशी मार."

ती उभी राहिली. पदर नीट केला. "नंबर एक," ती म्हणाली. "नंबर दोन. नंबर तीन, आत या." आवाज फाटत होता, पण ती ओढून आणत होती. सातव्या नंबराला मान ताठ करून तिने खरोखर हाक मारली. अकरापर्यंत गेली. बाराला नुसती हवा आली. "बास," ती म्हणाली. मी बटण दाबलं. आम्ही खाली उतरलो.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. सगळे तसंच म्हणाले, व्यवस्थित झालं. तीन आठवड्यांनी ही घरी आली, गळ्याला भोक आणि त्यावर जाळीचा पांढरा रुमाल बांधलेला. श्वास तिथूनच यायचा-जायचा आणि त्याचा बारीक आवाज व्हायचा. ठकीने मुलांची असते तशी, लिहून पुसायची एक पाटी आणली होती. पहिल्या संध्याकाळी ही खुर्चीत बसली, घराकडे बघितलं, पाटी घेतली आणि माझ्यासाठी लिहिलं, "आता घरात शांतता. करा रेकॉर्डिंग."

ती चेष्टा करत होती. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. मला हसायला हवं होतं, पण मला जमलं नाही.

चार दिवसांनी ठकी मला बाहेरच्या खोलीत म्हणाली, "बाबा, तुमच्या कॅसेटी ऐकल्या मी. दहाही ऐकल्या."

"छान आल्यात ना? एकही खोकला नाही."

"बाबा, त्यात पेपर ऐकू येतो. आई कुठेय?" मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "तुम्ही खूप कष्ट घेतलेत, मला माहितीये. पण हा आजारातला आवाज आहे हो. माझ्या फोनमध्येही तोच आहे, आधीचा फोन पाण्यात पडला. मला तिचा खरा आवाज हवाय. तो गल्लीभर जायचा तो. एवढ्या चारशे कॅसेटी आहेत, एखादीत तरी असेलच ना? कुठेतरी मागे बोललेली, हाक मारलेली?"

"एकीतही नाही," मी म्हणालो, आणि अजूनही त्यात थोडा तोरा होता, देव मला क्षमा करो. "जिच्यात जिच्यात ती बोलली ती कॅसेट मी लगेच बाद करून..."

वाक्य तिथेच राहिलं.

ठकीला कळायला थोडा वेळ लागला. मला लागला नाही. मी कपाटातून वही काढली. शेवटच्या पानांवर बादच्या नोंदी होत्या, लाल शाईत, तारखेसकट.

क्रमांक एकतीस. दुसऱ्या कडव्यात ही बोलली.
क्रमांक अठ्ठावन्न. ही हसली, बराच वेळ.
क्रमांक चौऱ्याण्णव. ही आणि ठकी, वेणीवरून भांडण.
क्रमांक एकशे तेहेतीस. ही गाण्याबरोबर गुणगुणली, पूर्ण गाणं वाया.

अशा अकरा. अकराच्या अकरा 'ही'. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईचा आवाज जगात फक्त एका बिस्किटांच्या डब्यात उरला होता, आणि तो डबा मी स्वतःच्या हाताने खाली आणून, एकेक कॅसेट दोन्ही बाजूंनी पुसून, तिच्याचकडून त्या कॅसेटीवर पुलाचं उद्घाटन वाचून घेतलं होतं. गाण्यांच्या चिपट्या मात्र मी मोडल्या होत्या. गाणी सुरक्षित होती.

मी खाली बसलो. ठकी ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मला अकरावी आठवली. ती मी पुसली नव्हती. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं आणि आम्ही निघालो. पुढची टेप जुनीच असणार. मी वहीत पाहिलं. क्रमांक दोनशे सहा, पहिली बाजू, पहिल्याच गाण्यात ही बोलली. दोनशे सहानंतर बादची एकही नोंद नव्हती. तिने शेवटची बिघडवलेली कॅसेट तीच.

कॅसेट ठकीने घातली. ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराशी उभी राहिली. "नंबर एक," टेपरेकॉर्डर म्हणाला. "नंबर दोन." दारातली ही स्वतःचा तो फाटका आवाज ऐकत होती, चेहऱ्यावर काही न दाखवता. नंबर अकरा. हवा. बास. खट्.

आणि मध्येच कुठूनतरी गाणं सुरू झालं, जुन्या रेडिओचं, भरदार. पाच-सहा सेकंद गेले. मागे दार उघडल्याचा आवाज. आणि मग तो आवाज, घोगरा नाही, बसलेला नाही, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा, तिशीतल्या बाईचा आवाज:

"अहो, झालं का तुमचं? आता बोलू का?"

त्यावर लगेच, माइकच्या अगदी जवळून, माझा:

"श्शू!"

खट्.

ठकीने दोन्ही हात तोंडावर घेतले. मी टेप मागे घेतली आणि परत लावली. आता बोलू का. श्शू. खट्. पुन्हा लावली. कितीही वेळा लावली तरी ती तेवढंच विचारणार होती आणि मी तेवढंच उत्तर देणार होतो.

मी हिच्याकडे वळलो. "काय सांगायचं होतं गं तुला?" मी विचारलं. "त्या दिवशी. काय झालं होतं दवाखान्यात?"

तिने पाटी घेतली. खूप वेळ आठवत उभी राहिली, अगदी मनापासून, डोळे बारीक करून. श्वासाचा तो बारीक आवाज येत होता. मग तिने लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

"आठवत नाही."

मी वाचलं हे बघून तिने ते हाताने पुसलं आणि ती गॅस बंद करायला आत गेली. कॅसेट चालूच होती. पुढचं गाणं लागलं होतं आणि ते एकदम स्वच्छ आलं होतं.